फेकायला एक माणूस

१ ऑक्टोबर, रविवार

दुपारी ४ वाजून १० मिनिटे. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा राहून आईच्या वजनकाट्यावर विमान तोलत होतो. २ किलो ७४० ग्रॅम.

काटा पुसला, पुन्हा ठेवलं. २ किलो ७४०.

कागदावर २ किलो २०० धरले होते. वरचे कुठून आले ते मला माहीत आहे. जिथे तुटेल असं वाटलं, तिथे फायबरग्लासच्या कापडाचा एक थर जास्त दिला. आणि तुटेल असं सगळीकडेच वाटलं! मग शेपूट जड झालं, म्हणून नाकात शिसं वाढवलं.

दिसतं मात्र हुबेहूब. खऱ्या लढाऊ जेटचे मापाप्रमाणे पंख, कॉकपिटची काच, रिव्हेटच्या ओळी, पोटाला तोच फिकट राखाडी रंग. दारातून तिरकं करून न्यावं लागतं. इंजिन नाही. डोंगराच्या कड्यावर समोरून वारा येतो आणि चढणीवरून वर उसळतो, त्यावरच तरंगायचं.

पण एका हाताने हे फेकता येणार नाही. छोटी विमानं मी उजव्या हाताने फेकतो, रिमोट डाव्या हातात. याला दोन्ही हात लागणार, डोक्यावर धरून चार पावलं पळावं लागणार. म्हणजे रिमोट माझ्याकडे आणि फेकणारा दुसरा.

चौदा महिन्यांपूर्वी सुरू केलं तेव्हा दुसरा घरातच होता. दादा.

२ ऑक्टोबर, सोमवार

दादाला फोन केला. "बघतो रे. या रविवारी नाही जमणार, बाळाला सर्दी आहे." मागून वहिनी — "भावजींना म्हणावं जेवायला या!" हो म्हणालो.

वीस मिनिटांवर राहतात. लग्नानंतर एकदाही डोंगरावर आलेला नाही. भांडण झालेलं नाही काही. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

४ ऑक्टोबर, बुधवार

कारखान्यात आज फ्रिजच्या पॅकिंगचे कोपरे. दिवसभर तापलेल्या तारेने थर्मोकोल कापला. विमानाचे पंख याच तारेवर कापले, मालकांना विचारून, टाकाऊ तुकड्यांतून.

डबा खाताना सोबतच्या जाड्याने विचारलं, "इंजिन नाही, मग उडतं कसं?"

"वाऱ्यावर."

"आणि वारा पडला तर?"

"तर विमानही पडतं."

"मग घरीच ठेव की, शोकेसमध्ये. मस्त दिसेल."

सगळे हसले. मीही हसलो. मनातून मला ते पटलं होतं, याची जास्त भीती वाटली.

८ ऑक्टोबर, रविवार

डोंगरावर गेलो, विमान न नेता. नेहमीसारखा लांबच्या दगडावर बसलो.

विमानं उडवणारे नेहमीचे तिघे होते. बगळा — हे नाव मीच ठेवलंय — उंच, काटकुळा, पांढरी टोपी, साठीच्या आसपास. आणि दोघे साडू, हे त्यांच्या ओरडण्यातूनच कळलं. ते दिवसभर एकमेकांवर खेकसतात आणि दर रविवारी एकाच गाडीतून येतात. त्यांचीही जेटच आहेत, जड. एकमेकांची फेकतात.

त्यांची एक रीत आहे. फेकणारा विमान डोक्यावर धरतो. उडवणारा रिमोटवर पंखाच्या पट्ट्या हलवून दाखवतो — डावी, उजवी, वर, खाली. मग तो "सोडा" म्हणतो. तो म्हणेपर्यंत फेकणारा सोडत नाही. आज थोरला साडू विमान धरून उभा आणि धाकट्याचं काही ठरेना. "अरे बोल ना! माझे हात गळून पडतील, मग तेच फेक!" तरी त्याने सोडलं नाही.

दोन वर्षं त्यांना बघतोय. एकदाही बोललेलो नाही. काय म्हणायचं? "नमस्कार, माझं विमान फेकता का?" घरी येताना रस्त्यात चार प्रकारे म्हणून पाहिलं. चारही वाईट.

११ ऑक्टोबर, बुधवार

सुचलं! माणूस नकोच. घसरगुंडी करायची. तिरका सांगाडा, त्यावर विमान, पुढे जमिनीत खुंटी, खुंटीपासून ताणलेलं रबर. पायाने कळ दाबली की सुटेल. रिमोट दोन्ही हातांत.

सांगाड्याला घरातलं इस्त्रीचं टेबल बरोबर बसतं.

आई — "आणि मी उद्यापासून शर्ट काय तुझ्या पाठीवर ठेवून इस्त्री करू?"

१५ ऑक्टोबर, रविवार

लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

पहिली चाचणी खऱ्या विमानाची करायची नाही एवढी अक्कल होती. थर्मोकोलचा ठोकळा केला, आत मिठाच्या पिशव्या, वजन बरोबर २ किलो ७४०. डोंगरावर त्या तिघांपासून शक्य तितक्या लांब मांडलं. कळ दाबली. ठोकळ्याचा आकडा रबरातून सुटलाच नाही. ठोकळा गेला, रबराने त्याला परत खेचलं, आणि रबरात अडकलेलं इस्त्रीचं टेबल पाय झाडत कड्यापर्यंत गेलं. मीठ सगळीकडे.

मागून आवाज — "काय हो, गलोल का?"

बगळा! आणि मागे दोघे साडू, धावत आलेले. धाकटा म्हणाला, "टेबल चांगलं गेलं. जरा शेपूट लावा त्याला." थोरला त्याच्यावर खेकसला, "गप रे! लागलं का तुम्हाला?"

मी सगळं सांगितलं. वजन, शिसं, रबर. बगळ्याने ऐकून घेतलं. मग टेबलाकडे बघितलं. "हे सगळं किती दिवस करत होतात?"

"चारच."

"अहो, त्यापेक्षा एक हाक मारायची."

आम्हाला वाटायचं तुम्हाला एकट्यानेच बसायला आवडतं, असंही म्हणाला.

मीठ गोळा करायला तिघे वाकले. मी नको नको म्हणत होतो.

१६ ऑक्टोबर, सोमवार

एकट्यानेच बसायला आवडतं! दोन वर्षं.

२२ ऑक्टोबर, रविवार

विमान नेलं. तिघे भोवती जमले. थोरला साडू रिव्हेट मोजायला लागला. बगळ्याने उलटं करून पोट पाहिलं. "इथे एक काळा पट्टा ओढा. हा रंग लांबून दिसणार नाही." मी म्हणालो, खऱ्याला पट्टा नाही. तो "बरं" म्हणाला.

वारा समोरून, एकसारखा. बगळ्याने विमान डोक्यावर घेतलं. डावी, उजवी, वर, खाली. सगळं बरोबर.

आणि मला तो शब्द म्हणता येईना.

तो उभा. त्याची टोपी वाऱ्याने उडाली, ती धाकट्याने धरली. "बोला की," तो म्हणाला. रागावून नाही. मी पुन्हा डावी, उजवी करून पाहिलं. पुन्हा बरोबर!

"राहू द्या," मी म्हणालो.

त्याने हळूच खाली ठेवलं. खांदा चोळला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

२३ ऑक्टोबर, सोमवार

काही नाही.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

कारखान्यातून आलो, हात धुतले, खोलीत गेलो आणि करायला काही नाही. विमान तयार आहे. घासायचं नाही, चिकटवायचं नाही. पलंगावर बसून नुसतं बघत राहिलो.

आई दारात. "उडवलंस का एकदाचं?"

"फुटलं तर?"

"फुटलं तर फुटलं. तुझं तुलाच शोभतं बाई हे, चौदा महिने जागा अडवून ठेवलीस, आणि आता पाळण्यातल्या पोरासारखं जपतोयस."

मग तीही पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, "दादा होता तेव्हा तुम्ही दोघं किती बडबडायचात इथे. मी ओरडायचे, गप बसा म्हणून."

आमटी उतू जाईल म्हणत उठून गेली. गॅस बंद होता.

मला फुटण्याची भीती आहे असं मीच समजत होतो. तसं नाही. ते हातातून गेलं की माझ्याकडे संध्याकाळी काहीच राहणार नाही. ही खरी गोष्ट.

२९ ऑक्टोबर, रविवार

उडालं!!

सगळं नीट लिहितो. बगळा आपणहून आला. "आज न उडवता घरी नेऊन दाखव बघू," म्हणाला आणि उचललं. अरे-तुरे करायला लागला ते माझ्या नंतर लक्षात आलं. डावी, उजवी, वर, खाली. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "सोडा!"

बगळा चार पावलं पळाला आणि सोडलं, सपाट, वाऱ्याच्या तोंडावर, बरोबर जसं पाहिजे तसं. विमान आधी हातभर खाली बसलं. मग वाऱ्याने उचललं. आवाज! वजनामुळे आवाज येतो, कापड फाडल्यासारखा. कड्यासमोरून आमच्या डोळ्यांच्या उंचीवर गेलं, वळलं, परत आलं. धाकटा ओरडत होता, "जड आहे म्हणून पळतंय! सगळं मीठ कामी आलं!" मी पण ओरडत होतो. काय ते आठवत नाही.

अकरा मिनिटं. मग जरा लांब नेलं, दरीवरून वळवताना पोट आमच्याकडे झालं — आणि आभाळात विमानच नाही. राखाडीत राखाडी. खऱ्याला तो रंग कशासाठी देतात ते तेव्हा कळलं! मी वळण सोडलं, पुन्हा दिलं, कुठल्या बाजूला देतोय तेच समजेना. थोरल्याने बोट दाखवलं, "तिकडे, तिकडे, खाली!" डोंगराच्या सोंडेमागे काहीतरी चमकलं आणि गेलं.

मला वाटलं, आता सगळे वाईट वाटलं म्हणतील आणि आपापलं उडवायला जातील. बगळ्याने स्वतःचं विमान गाडीत ठेवलं. "चला."

चौघे ओळीने, दहा-दहा पावलांवर, झुडपं हलवत, अंधार पडेपर्यंत. साडूंची वाट कुठली यावरून तीन भांडणं. बगळा पट्ट्याबद्दल एक शब्द बोलला नाही. धाकटाच शेवटी म्हणाला, "याचा रंग इतका चांगला जमलाय की शत्रूलाही सापडणार नाही." मला इतकं हसू आलं की खाली बसावं लागलं.

नंतर गाडीच्या दिव्यात चहा. थर्मासचं झाकण एकच, आळीपाळीने. पुढच्या रविवारी आठला पुन्हा शोधायचं ठरलं. थोरला दोर आणणार आहे, धाकटा दुर्बीण. मी काय आणू विचारलं. बगळा म्हणाला, "तू ये म्हणजे झालं."

आईला सांगितलं विमान हरवलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "मग हसतोयस काय?"

२ नोव्हेंबर, गुरुवार

राहवेना, अर्धा दिवस रजा टाकून एकटाच गेलो. सापडलं. ओढ्याच्या पलीकडे, दाट झुडपात अलगद अडकलेलं. नाक थोडं खरचटलंय, बाकी अख्खं.

पट्ट्या हलवणाऱ्या बॅटरीची वायर काढली, नाहीतर खराब होते. पानं झटकली. बराच वेळ शेजारी बसलो. मग तिथेच ठेवून घरी आलो.

रविवारी ओढ्याकडून नको, तिकडून लगेच दिसतं; वरच्या अंगाने शोधत येऊ असं सांगणार आहे.