शेठच्या फोनमधला खुळखुळाट

मंगळवार, दिवेलागण. शहादा.

धडगावच्या डोंगरातून कैरीच्या वाळक्या फोडींचा आमचूर घ्यायचा आणि सुरतच्या शेठला विकायचा, यावरच माझं घर उभं राहिलं. दुपारी शेठला सहज फोन लावला. "गोदामात बसलोय, भाई. यंदा माल कधी पाठवतोस?" तो बोलत होता आणि मागून खुळखुळाट ऐकू आला. पोत्यात वाळक्या फोडी हलवल्या की येतो, तोच.

माल कडक वाळलाय हे पटावं म्हणून दरवर्षी मीच त्याला फोनवर पोतं हलवून ऐकवतो. ती खूण त्याला माझ्याकडूनच कळली. गोदामातला जुना माल असेल? पण जुना माल मऊ पडतो, तो असा वाजत नाही.

बायकोला सांगितलं तर हसली. "कान वाजी ऱ्हायनात तुम्हना."

मीही हसलो. तेवढ्यात धडगावचा जीपवाला जातरीबाईचा निरोप घेऊन आला. माझा निम्मा माल तिच्याच पाड्यावरून येतो. एरवी ती म्हणते, लवकर ये, माल वाळला. आज निरोप असा, "दादा, यंदा वर येऊ नको. मोहर गळाला, आंबाच नाही."

आंबाच नाही, तर शेठजवळ काय खुळखुळत होतं?