बोर्डावरचा 'शे'

नंदुरबार
दि. ९ जानेवारी २०२५

ती. दिपालीताईस,
गोकुळचा शि. सा. न. वि. वि.

मोलगीला तुझ्या शाळेवर फोन लागत नाही, आणि ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखीही नाही. शब्दकोश शेजारी ठेवून लिहितोय, तेव्हा लाल पेन काढू नकोस.

परवा बापूंची ब्रशांची पत्र्याची पेटी घासायला काढली. निळ्या रंगाचा डबा तळाला चिकटला होता. सुरीनं उचकटला, तर त्याच्या बुडाला एक जुनं पोस्टकार्ड. भूपेंद्रशेठच्या वडिलांनी दिवाळीच्या शुभेच्छांसाठी चित्रांची कार्डं छापली होती, त्यांतलं. पुढच्या बाजूला जुना मिरची बाजार, बैलगाड्या, पागोटेवाली माणसं, मधोमध त्यांचं दुकान. काळ्यापांढऱ्या फोटोत मिरचीचे ढीग तेवढे हातानं लाल भरलेत, रंग रेघेबाहेर गेलाय. उरलेली कार्डं शेठ चिठ्ठ्या लिहायला वापरायचे.

ह्या कार्डाच्या मागे शेठच्या अक्षरात आहे: लोटन पेंटर, बोर्डावर असे लिहिणे, अस्सल नंदुरबारी मिरचीचे दुकान हेच शे. खाली सही, आणि तारीख १७ एप्रिल २००९.

ताई, तो 'शे', 'आहे'च्या जागी आपला अहिराणी 'शे', शेठनीच लिहिला होता. बापू तेव्हा ओरडून सांगत होते की दिलं तसंच उतरवलं, चिठ्ठी दाखवतो. चिठ्ठी सापडेना. पुण्याचा व्यापारी बोर्ड पाहून हसला म्हणून शेठनी भर बाजारात बापूंना अडाणी ठरवलं, शिडीवर चढवलं आणि पात्यानं ते अक्षर खरवडायला लावलं. बापू 'शे पेंटर' झाले. पुन्हा कुणी बोर्ड दिला नाही, गावाबाहेरच्या पथारीवर मिरची वाळवण्यात जन्म गेला. शाळेत पोरं मलाही 'शे' म्हणूनच हाक मारायची. नववीत मी शाळा सोडली ती त्यामुळेही. बापू अजून त्या गल्लीतून जात नाहीत, स्टेशनकडून वळसा घालतात.

आणि काल शेठचा मुलगा अजित आमच्या फ्लेक्सच्या दुकानात आला. त्यांच्या दुकानाला पंच्याहत्तर वर्षं होतायत. जुन्या बाजाराचा फोटो हवाय आणि आपल्या अहिराणीतली एखादी ओळ. मी कोणाचा मुलगा ते त्याला माहीत नाही. मी ठरवलंय, कार्डाची मागची बाजू छापायची, वीस फुटी. बापूंना अजून सांगितलेलं नाही. तू काय म्हणतेस ते कळेपर्यंत मला अन्न गोड लागणार नाही.

लोभ आहेच, सोबत थोडा धीरही पाठव.

तुझा,
गोकुळ


मोलगी
दि. १८ जानेवारी २०२५

चि. गोकुळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बाजाराच्या जीपनं आलं. दोनदा वाचलं, एकही चूक सापडली नाही. मास्तरणीचा असा अपमान करू नये.

फ्लेक्स छापू नकोस. तासाभरात उतरवतील आणि म्हणतील, कॉम्प्युटरवाल्या पोरानं बनवलं. सोळा वर्षांपूर्वी बापू खरं बोलूनही खोटे ठरले, आता तू ठरशील. हे शेठच्याच तोंडून निघायला हवं. अजितला नुसती ओळ दे. जुन्या कार्डावर मिळाली म्हण, कार्ड दाखवू नकोस. ओळ लोकांना आवडली की शेठ गप्प बसणार नाहीत. चांगल्या गोष्टीला दुसऱ्याचं नाव लागलेलं त्यांना सोसत नाही.

तू सहा वर्षांचा होतास, घरी होतास. त्या दिवशी शिडी मी धरली होती. दुपारचं ऊन, डोक्यावर खरवडलेला निळा रंग पडतोय, आणि शेठ समोरच्या रसवंतीवर सावलीत उसाचा रस पीत बापूंना सांगतायत, अजून थोडं बाकी शे, अजून थोडं. त्यांच्या तोंडी तोच शब्द होता, पण त्याला कोणी हसलं नाही.

म्हणून माझं एकच मागणं. तो बोर्ड पुन्हा रंगवायचा झाला तर शिडी शेठनी धरायची. आणि सकाळच्या गारव्यात नाही.

जेवत जा. माया आहे तितकीच आहे, पत्र लांबलं म्हणून वाढत नाही.

तुझी,
ताई


नंदुरबार
दि. २२ एप्रिल २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झालं. क्रमानं सांगतो, नाहीतर माझाच गोंधळ उडेल.

ओळ अजितला इतकी आवडली की त्यानं मिरचीपुडीच्या सगळ्या पिशव्यांवर ती छापून घेतली. रविवारी कार्यक्रमात त्यानं माईकवर सांगितलं की ही ओळ एका जुन्या कार्डावर मिळाली, कोणाची ते ठाऊक नाही. शेठ खुर्चीतून उठलेच. माईक ओढून घेतला आणि म्हणाले, कोणाची म्हणजे काय, ओळ मन्ही शे, सोळा वर्षांपूर्वी मीच लिहून दिली होती. टाळ्या पडल्या.

मी पुढे गेलो, कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि मागची बाजू वाचायची विनंती केली. 'लोटन पेंटर' एवढं वाचून ते थांबले. मी विचारलं, ओळ तुमची होती, तर बापूंना त्यातला 'शे' का खरवडायला लावला. तेव्हा त्यांच्याकडेच मिरचीची देठं खुडणारी दगूबाई मागून म्हणाली, लोटन तं हाईच सांगी ऱ्हायंता, कोन्ही ऐकं नही.

अजितनं मला बाजूला नेऊन काय हवंय ते विचारलं. मी म्हटलं, त्याच जागी बोर्ड हातानं रंगवतो, शिडी शेठ धरतील. नाहीतर कार्ड दोन्ही बाजूंनी छापून गावभर वाटतो. त्यानं पिशव्यांच्या ढिगाकडे पाहिलं आणि मान हलवली.

काल सकाळी बोर्ड रंगवून घेतला, फक्त 'शे' बाकी ठेवला. साडेबाराला बापूंना घेऊन आलो, सरळ त्या गल्लीतून. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, दुकानासमोर येईपर्यंत सोडलं नाही. मग ते रसवंतीवर सावलीत बसले.

शेठनी शिडी धरली. टोपी आणायला विसरले होते; मी आठवण केली नाही. 'शे'ला मात्रा एकच असते. ती द्यायला मी अर्धा तास घेतला. ब्रश ठिबकत होता, शेठच्या पांढऱ्या सदऱ्यावर निळे थेंब पडत होते. प्रत्येक थेंबाला मी माफी मागितली.

शेवटी शेठनी खालून विचारलं, झालं का. मी बापूंकडे पाहिलं. त्यांनी रसाचा घोट घेतला, डोळे बारीक करून बोर्ड न्याहाळला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, मात्रा जराशी वाकडी शे, पुशीसन परत काढ.

मात्रा वाकडी नव्हती, ताई. मी पुसली.

सुटीला येशील तेव्हा त्याच गल्लीतून ये. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
गोकुळ