साक्षीदाराची सही

मंगळवार, ता. १०

प्रिय चष्म्या,

इकडे सगळे मजेत. वर्कशॉप बरं चाललंय. हाताखाली अकरा माणसं आहेत, पण बिघडलेला पंप आला की कान अजून मलाच लावावा लागतो. अक्काची तब्येत ठीक. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

तुझ्या औषधचाचणीचा अर्ज समितीने चौथ्यांदा परत पाठवला, म्हणून चिडला असशील. माझ्यावर चिड, हक्काचा माणूस आहे मी. पद्धत तुला ठाऊक आहे: रुग्णाने सही करायचा कागद आधी वस्तीच्या प्रतिनिधीने वाचायचा आणि काय कळलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. त्याला कळला नाही तर पुढे मतदानच नाही. चारही वेळा तो प्रतिनिधी म्हणून मी उभा राहून नम्रपणे म्हणालो, "मला नाही कळलं."

कळलं होतं रे. पहिल्याच वेळी.

पण त्याआधी मी तुझ्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो आणि आत तू सहायक बाईंना सांगत होतास, "त्या पंपवाल्याला काय कळतंय? नियमात एक खुर्ची आहे, तिच्यावर बसवलाय झालं." दार बंद होतं. माझे कान तू शाळेपासून ओळखतोस, तरी विसरलास. म्हटलं, डॉक्टरसाहेब म्हणतायत तर नसेलच कळत.

नवव्या पानावर तू लिहिलंयस, "श्रवणक्षमतेत क्वचित प्रतिकूल बदल संभवतात." याला आम्ही कान जाणं म्हणतो. सहा वर्षांपूर्वी याच औषधाच्या पहिल्या चाचणीचा कागद घेऊन तू आमच्या स्वयंपाकघरात आलास आणि अक्काला म्हणालास, "तू कशाला वाचत बसतेस? मी आहे ना." ती हसली. माझ्या बहिणीने माझ्याबरोबर तुलाही भरवलंय, तुझा कागद ती कशाला वाचेल? छाती बरी झाली तिची, नाही म्हणत नाही. फक्त आता मी दारातून हाक मारतो आणि ती भाजी चिरत राहते.

तर काल मी समितीला सांगितलं, माझ्या मनात राग आहे, या अर्जापुरता मी बाजूला होतो. माझ्या जागी आधीच्या चाचणीतला रुग्ण बोलवा. नावही दिलं, नातंही सांगितलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मत आम्ही देऊ, त्यांनी फक्त कळलं का ते सांगावं."

गुरुवारी अकराला अक्का येईल, पाटी घेऊन. एकेक वाक्य तुला लिहून समजवावं लागेल, सगळ्यांदेखत. नववं पान सावकाश घे. आणि अक्षर जरा नीट काढ, डॉक्टरी अक्षर तिला लागत नाही.

एक सांगायचं राहिलं. अक्काच्या त्या कागदावर खाली साक्षीदाराची सही आहे, ती माझी. गिऱ्हाईक थांबलं होतं, मी घाईत होतो. काल तिला गुरुवारचं समजावलं, तर तिने पाटीवर आधी मलाच विचारलं, "तू वाचला होतास?"

मी खाली लिहिलं, "नाही."

तिने ते पुसलं नाही. गुरुवारी तशीच आणणार आहे, तुझं उत्तर आल्यावरच पुसणार. माझ्या उत्तराखाली एका उत्तरापुरती जागा आहे.

या वेळी सगळं वाचून मागच्या रांगेत बसणारा,
तुझा साक्षीदार
पंपवाला