लाल खोलीची लिंक

मंगळवार, संध्याकाळ

डार्क वेबवर म्हणे एक लाल खोली आहे. पैसे भरले की तिथे एका माणसाला हालहाल करून मारताना थेट बघता येतं. माझ्या भयपटासाठी महिनाभर असल्याच दंतकथा वाचतेय. ही आज पोहे खाताना दादाला सांगितली. वाटलं, माझा सख्खा भाऊ तरी हादरेल. तो म्हणाला, "अगं, लिंक भेज ना, देखते हैं."

लिंक! परवा फूलबागेत मैत्रिणीनंही तेच मागितलं होतं. तो मरणारा माणूस कोण, एवढं तरी कुणी विचारावं? मग मी घाबरवायचं कुणाला, आणि कशानं?

चिडून म्हटलं, "लिंक नाहीये. सगळी थाप आहे, अशी खोली कुठेच नाही."

तेव्हा कुठे दादाचा चेहरा उतरला.