दुधी कडू लागला

रोहा,
९ सप्टेंबर

चि. वत्सलास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बाबा, मोबाइलवर दोन ओळी टाकत जा, असं स्पृहा पुण्याहून सांगत असते, पण त्या काचेवर माझी बोटं अडखळतात. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला, आता निदान अक्षर तरी माझं राहू दे.

जेवण कसं चाललंय, असं विचारलंस. पोटात जातं, एवढंच. गळ्याच्या भोकातून श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाकातून वाराच जात नाही, त्यामुळे वास संपला. जिभेचं उरलंसुरलं रेडिएशनमध्ये गेलं. पण या वर्षात मला भाज्याफळांबद्दल जे कळलं ते तुम्हा कुणाला ठाऊक नसेल. चव काढून घेतली की केळं म्हणजे ओला कापूस. टोमॅटो नुसता टोचतो. चिकू दाताखाली रेतीसारखा लागतो, हे मला सत्तर वर्षांत समजलं नव्हतं. गोडीखाली ते झाकलेलं असतं. काकडीचा फक्त आवाज येतो. मे महिन्यात हापूसची फोड तोंडात धरून मी बराच वेळ बसलो होतो. गार आणि बुळबुळीत, बाकी काही नाही. थुंकून टाकली आणि त्या दिवशी जेवलो नाही.

मागच्या दारी दुधीचा वेल मांडवावर चढलाय. सकाळी त्याचाच रस काढतो, घशातून सरळ उतरतो म्हणून. शेजारची अनिता दिवसातून एकदा डोकावते. तिचा नवरा प्रविण धाटावच्या कारखान्यात शिफ्टला जाताना दुधाची पिशवी ठेवून जातो. काळजी करू नकोस म्हटलं तरी तू करणारच, तेव्हा थोडीच कर.

तुझा,
मोरोपंत दादा


रामवाडी, पेण,
२१ सप्टेंबर

ती. दादास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि मला स्वस्थ बसवेना. डोळे मिटले, नाक घट्ट दाबलं आणि सूनबाईला, मृणालीला म्हटलं, घरात असेल ते फळ भरव. तिने एक फोड तोंडात घातली. मी चावून चावून खाल्ली आणि सफरचंद म्हणून सांगितलं. नाक सोडलं तर तोंडात कच्चा कांदा. मृणाली हसून हसून खाली बसली. मीही हसले, आणि डोळ्यांना पाणी आलं ते कांद्याचं म्हणून खपून गेलं.

चव हळूहळू येईल असं डॉक्टर म्हणाले होते ना? ती केव्हा येईल ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तू विचारलं नाहीस. तुझा स्वभावच तो. लहानपणी ताप किती आहे हेसुद्धा आईला तुझ्या तोंडून कधी कळलं नाही.

रस घेतोस तर एक कर. दुधी कापला की तुकडा अनिताला चाखायला दे. आई दुधी न चाखता कधी चिरत नसे, आठवतं? कडू निघाला तर तो विषारी असतो, फेकूनच द्यायचा. तुला कळायचं नाही म्हणून लिहिते.

जिवाला जप, आणि धाकट्या बहिणीचं एखादं तरी ऐक.

तुझी,
वत्सला


रामवाडी, पेण,
३ नोव्हेंबर

ती. दादास नमस्कार.

प्रविण आज कामासाठी पेणला आलाय, हे पत्र त्याच्या हाती पाठवते आहे, स्पृहाने पाकीट फोडू नये म्हणून. वाचून त्याच्याकडेच परत दे.

त्या दिवसाचं तुला फारसं आठवत नाही म्हणतात. अनिताचा फोन आला, की काका मोरीपाशी पडलेत, उलटीत रक्त हाय, हाका मारल्या तरी डोळे उघडत नाय. मी रोह्याला पोचले तेव्हा तुला हॉस्पिटलात नेलं होतं. कडू दुधीचा रस पेलाभर पोटात गेलाय, असं डॉक्टर म्हणाले. स्पृहा आल्यापासून एकच बोलते आहे, की बाबांना चव कळत नाही हे माहीत असून आपण त्यांना एकटं ठेवलं.

पण दादा, शुद्धीवर आल्यावर नर्सने काय प्यायलात असं विचारलं, तेव्हा तू पाटीवर लिहिलंस की रस फार कडू होता. स्पृहा आत यायच्या आधी ती पाटी मी पदराने पुसली.

म्हणजे तुला कळलं होतं. कडू दुधी विषारी असतो हे मी तुला लिहिलंही होतं. तरी तू पेला रिकामा केलास. इतके दिवस तुझ्या उशाशी बसले आणि विचारायचा धीर झाला नाही. आता लिहून विचारते. तुला जगायचं नव्हतं का? रागावणार नाही असं म्हणवत नाही, पण खरं लिही.

वत्सला


रोहा,
१० नोव्हेंबर

चि. वत्सलास आशीर्वाद.

तसं नव्हतं.

तुझं लिहिलेलं मी वाचलं होतं. त्या सकाळी ते आठवलंच नाही. पहिला घोट घेतला आणि जिभेच्या मागे काहीतरी जागं झालं. भास वाटला म्हणून दुसरा घेतला. कडू. जीभ ओढून धरणारं, घाणेरडं कडू. वत्सला, वर्षाहून जास्त काळाने मला चव लागली होती. ओट्याला धरून मी हसत उभा होतो. हसण्याला आवाज नाही, त्यामुळे शेजारी अनिताला काही कळलं नाही. ती चव जाऊ नये म्हणून सगळा पेला संपवला, तळाचा चोथा बोटाने पुसून खाल्ला. मनात आलं, आज कडू आलं, उद्या आंबट येईल, आंब्यांपर्यंत गोडही येईल. मरायला निघालेला माणूस आंब्यांची वाट बघतो का?

स्पृहाला सांगू नकोस. मला कडू कळलं नाही असं समजून ती रडते. कळलं होतं असं सांगितलं तर तुला वाटलं तेच तिलाही वाटेल, आणि तिची समजूत घालायला माझ्याकडे आवाज नाही.

उलट्यांनी घसा आतून सोलला गेला. आता नाकात नळी आहे, पांढरं पातळ काहीतरी थेट पोटात सोडतात. ती कधी निघेल, निघेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. या वेळी मी विचारलं होतं.

स्पृहा बाहेर जाऊन लपून जेवते. ते मला सोसत नाही. तू येशील तेव्हा डबा घेऊन ये, माझ्यासमोर बसून जेव, आणि काय कसं लागतंय ते मला सांग.

तुझा,
दादा


रामवाडी, पेण,
१३ नोव्हेंबर

ती. दादास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग फाडून चुलीत टाकलं. माझा तुझ्यावर विश्वास आहे. विचारलं म्हणून मनात ठेवू नकोस. सोमवारी येते, राहायलाच येते.

आज शिराळ्याची भाजी केली. म्हटलं, आधी सराव करावा. ताट घेऊन एकटी बसले आणि कशी झालीय ते मोठ्याने सांगू लागले. चांगली झालीय, याच्यापुढे शब्दच सापडेना. सगळी नोकरी मुलांना निबंध शिकवण्यात गेली माझी. मग पुन्हा एक घास घेतला आणि सावकाश चावला. आधी नुसता मऊपणा लागतो, मग कोमट पाणी सुटतं. गिळून झाल्यावर मागून गोडी येते. थोडीच. इतकी थोडी, की आजवर मला ती कधी लागलीच नव्हती.

तुझी,
वत्सला