फक्त वाचण्याचा अधिकार

देवास, ३ जुलै २००६
धार गाव सोडल्याचं आज वाईट वाटलं नाही. घर हवेशीर आहे, गच्चीवरून टेकडी दिसते, माझ्या लेकीला, चिऊला, तर नवी शाळा मिळायच्या आधीच स्वतःची खोली मिळाली. कारखान्यातली संगणकव्यवस्था आता माझ्याकडे. फाटकावर कोणी कार्ड लावलं की सर्व्हर डिरेक्टरीला, म्हणजे माणसांच्या यादीला, विचारतो: हा आपला का? एवढं विचारण्यासाठी सर्व्हरचं वेगळं खातं आहे. माझ्या आधीचे कृष्णाजी न सांगताच गेले म्हणे. त्यांनी त्या खात्याला यादीत हवं ते लिहिण्या-खोडण्याची मुभा दिलेली. विचारणाऱ्याला लेखणी कशाला?

५ जुलै
मुभा काढली. आता ते फक्त वाचू शकतं. आल्याआल्या दुसऱ्याच्या चुका काढायची मला हौस तर नाही ना, हे स्वतःला दोनदा विचारलं.

६ जुलै
कालपासून त्या खात्याने २१४ वेळा लिहायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी यादीतल्या माझ्याच नोंदीत, शेऱ्याच्या रकान्यात. प्रत्येक वेळी नकार. आपलं काम चोख झालं, असं वाटलं.

७ जुलै
इतक्या नकारांनी सकाळी ते खातंच बंद पडलं. फाटक उघडेना. मॅनेजर दत्तोपंत सगळ्यांदेखत म्हणाले, ताई, तुमचा काटेकोरपणा घरी ठेवा, दोनशे माणसं रस्त्यावर उभी आहेत. घाईत सर्व्हरला माझं स्वतःचं खातं जोडलं, सगळ्या अधिकारांसकट. संध्याकाळपर्यंतच. चूक आहे, कळतं.

८ जुलै
खात्याचं नाव बदलतं, क्रमांक बदलत नाही. बंद पडलेल्या खात्याचा क्रमांक कृष्णाजींच्या नेमणुकीच्या कागदावर आहे. त्यांनीही स्वतःचंच जोडलं होतं.
ते खातं उघडून एक मिनिट लिहू दिलं. माझ्या शेऱ्यात उमटलं: आपलं खातं जोडू नका. बाहेर पडता येत नाही.
हे मी दोनशे चौदा वेळा नाकारलं.

९ जुलै
माझं खातं सुटत नाही. यादीतून नाव गेलं, तिथे नुसतं ‘सर्व्हर’. सर्व्हरच्या खोलीत अडकले, दार माझं कार्ड ओळखत नाही. काचेवर हात आपटले. फाटकावरचा फत्तेसिंग समोरून गेला — बघितलंच नाही —

११
भूक नाही. प्रत्येक कार्ड मला कळतं. आपला. आपला. आपली.
चिऊ आली होती. फत्तेसिंगने यादी बघून सांगितलं, बेटा, इस नाम का याँ कोई नी है. ती रडली नाही. उद्या परत येते म्हणाली —

१४
चिऊ रोज येते.
नवा माणूस आलाय. टापटिपीचा. या खात्याला एवढे अधिकार कशाला, म्हणतो. त्याच्या शेऱ्यात लिहायला हवं, आत्ताच — तो एकेक काढतोय — अजून लिहिता येतंय — फाटकावरच्या मुलीला सांगा, तिची आई इथे आत आ