बेचाळिसाव्या दगडापाशी राहिलेला जीव

बांग पाकोंग, ९ फेब्रुवारी २०००

ती. बुआरियनताईस,

लमदुआनचा सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून दाखवताना आईला आधी सांग की मी धडधाकट आहे, मगच पुढचं वाच. रविवारी मी आणि तुझा मेहुणा प्रसित सासूबाईंना भेटून चोनबुरीहून परत येत होतो. मोटरवेवर बेचाळिसाव्या किलोमीटरच्या दगडाजवळ एक अठरा चाकी ट्रक सरळ आमच्या अंगावर आला. आमचा पिकअप त्याला दिसलाच नाही म्हणे! त्याने आम्हाला कठड्यापर्यंत घासत नेलं. आरसा गेला, दार चेपलं, माझ्या कोपराला खरचटलं. बस, एवढंच. ट्रकवाला खाली उतरला तो आमच्याहून जास्त कापत होता. माझ्यासाठी पाण्याची बाटली आणली आणि घाबरून स्वतःच पिऊन टाकली. प्रसित अजून हसतो त्यावर.

कारखान्यात मी दोन डझन कॉलर उलट्या शिवल्या. मुकादमीण म्हणाली, हे शर्ट मागे बघत चालणाऱ्यांना विकू या. घरी रश्श्यात मीठ दोनदा पडतं. होईल हळूहळू ठीक.

लोभ आहेच, त्याला खरचटू देऊ नकोस.

तुझी,
लमदुआन

बान नोनखाम, २१ फेब्रुवारी २०००

चि. लमदुआनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईने दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, हिचा जीव तिथेच रस्त्यावर राहिलाय. अगं, नुसतं खरचटलंय, मी म्हटलं. तर म्हणे, चार वर्षांत या पोरीचं एक पत्र असं आलं नाही ज्यात म्हशीची चौकशी नाही. जी आपली थोंग विसरली तिचा जीव थाऱ्यावर नाही. हसू नकोस, मलाही ते पटलं.

बाबांचं मासे धरायचं हातजाळं तिने खाली काढलंय. उंदरांनी कुरतडलेलं आहे, ते रोज ओट्यावर बसून विणते. उकडलेलं अंडं, चिकट भात, केळं आणि तुझा जुना ब्लाउज, सगळी यादी तयार आहे. स्वतः येऊन त्या दगडापाशी तुझा जीव जाळ्यात घेणार म्हणते. आपला जीव आपल्याच हाकेला येत नाही, दुसऱ्याने बोलवावा लागतो. सात वर्षांची असताना तू तळ्यात पडलीस, दोन दिवस वाचा बसली होती, आठवतं? आईने तळ्याकाठी जाळं फिरवलं आणि घरी येऊन तू भाताचे तीन गोळे हाणलेस.

तिला हल्ली जरा थकवा आहे, पण ऐकेल तर शपथ. तू ‘लवकर या’ म्हणून कळव, म्हणजे मी बसची तिकिटं काढते.

थोंग बरी आहे. विचारलं नाहीस तरी सांगते.

तुझी,
ताई

बांग पाकोंग, ३ मार्च २०००

ती. ताईस,

सा. न. आईलाही सांग, आणि आवर तिला!

मोटरवे म्हणजे काय आपलं तळं आहे? तिथे थांबायला बंदी असते. आई जाळं घेऊन उभी, मागून पोलीस, आणि मी मधे. सासूबाई तर मला आधीच हाताने भात वळून खाणारी गावठी म्हणतात. त्यांना हे कळलं तर वर्षभर पुरेल. ताई, मला लाज वाटते गं, खरंच सांगते.

आता उन्हाळाही मी म्हणतोय. एप्रिलात सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सुट्टीत मीच गावी येते आणि आईला इकडे घेऊन येते. तेव्हा हवं तेवढं जाळं फिरवू दे. महिनाभराने काय होतंय? जीव काही पळून जात नाही.

पिकअपमध्ये मात्र मी बसत नाही. कारखान्यात चालत जाते. मागून चाकांचा आवाज आला की पाय उचलत नाही. हे आईला वाचून दाखवू नकोस.

थोंग कशी आहे? बघ, विचारलं.

लोभात कपात नको.

लमदुआन

बान नोनखाम, २९ मार्च २०००

चि. लमदुआनीस,

अ. आ.

तू परत गेलीस आणि घर खायला उठलं. आईच्या चितेपाशी तुझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही म्हणून काकू कुजबुजली. मी तिला चांगली झापली. म्हटलं, रडायला जीव अंगात लागतो, तो हिचा अजून मोटरवेवर आहे.

तू इथे होतीस तेव्हा बोलायचं धाडस झालं नाही, आता लिहिते. आईला यकृताचा आजार होता. जानेवारीत डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले होते. तुला कळवायचं नाही अशी तिने मला बाबांची शपथ घातली. तुझं ते नको म्हणणारं पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा ती जाळ्याच्या शेवटच्या गाठी मारत होती. रागावली नाही. म्हणाली, पोरीला लाज वाटते तर वाटू दे, सोंगक्रानपर्यंत राहिले तर जाईन. नाही राहिली.

जायच्या आदल्या दिवशी हाक मारायचे शब्द तिने मला सांगून लिहून घेतले. जाळं, जीव आल्यावर मनगटाला बांधायचा तिच्या हातचा दोरा आणि तो कागद पार्सलने पाठवतेय. तुला सांगितलं नाही म्हणून माझ्यावर राग धरलास तरी तो मी सोसेन. पण जा.

ताई

बांग पाकोंग, १० एप्रिल २०००

ती. ताईस,

सा. न.

राग नाही गं. कोणत्या तोंडाने धरू? मी एक हो म्हटलं असतं तर ती आली असती.

शनिवारी गेलो. मी मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. प्रसितने दगडापाशी गाडी कडेला घेतली, जाळं धरलं आणि कागद वाचायला लागला. त्याला आपली बोली कुठे येते! अडखळत अडखळत वाचत होता, चिखलात राहू नको, डांबरावर राहू नको, तुझी आई भात घेऊन बसली आहे, घरी ये. शेजारून ट्रक गेला की त्याचा आवाज बुडायचा, मग तो पुन्हा पहिल्यापासून वाचायचा. एकदाही हसला नाही.

तेवढ्यात मोटरवेचा पोलीस आलाच. कागद, अंडं, केळं पाहून त्याने टोपी काढली. आपल्याच मुलखातला, उबोनचा निघाला. प्रसितला म्हणाला, जाळं खाली धरा साहेब, असं वर धरून मासाही येत नाही. मग आमच्यामागे दिवा लावलेली गाडी उभी करून सगळं होईपर्यंत थांबला.

खोलीच्या उंबऱ्याशी येऊन प्रसितने कागदावरचं शेवटचं वाचलं, लमदुआन आली का? असं तीनदा विचारायचं, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईने आली म्हणायचं. त्याने तीनदा विचारलं. आत कोण होतं उत्तर द्यायला? सासूबाई तर तिकडे चोनबुरीला. आईने एवढं सगळं लिहून घेतलं, पण ती बाई कोण ते सांगितलं नाही, तिथे ती स्वतःलाच धरून चालली असावी.

जाळं तोंड बांधून खुंटीला टांगलंय. ताई, आता आईच्या जागी तूच आहेस. तुझं उत्तर आल्याशिवाय मी ते उघडणार नाही.

लमदुआन

बान नोनखाम, १६ एप्रिल २०००

चि. लमदुआनीस,

हे पत्र प्रसितने उंबऱ्यात उभं राहून मोठ्याने वाचावं.

आली. आली. आली गं बाई, लमदुआन घरी आली.

ओट्यावर आईच्या जागी बसून मी हे एवढ्या मोठ्याने म्हटलं की थोंगने रवंथ थांबवून माझ्याकडे पाहिलं. आता जाळं उघड. प्रसितकडून मनगटाला आईचा दोरा बांधून घे आणि पोटभर रड. आईने त्या गाठी त्यासाठीच मारल्या होत्या.

तुझी,
ताई